एकादशीचा लोड

वीज कापायला माणूस आला की पूर्वी लोक दार लावून घ्यायचे. २०३९ साली आमच्या जयसिंगपुरात त्याच माणसाला हार घालून आत बोलवत होते. मुहूर्त बघायचा, मीटरला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, घराची तार तोडून घ्यायची आणि गल्लीभर पेढे वाटायचे, अशी पद्धतच पडून गेली होती. ही पद्धत पाडणारा मीच. मी जिनपाल मगदूम, चौतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला मास्तर. अकराव्या गल्लीत सगळ्यात आधी तार तोडली ती मी, आणि त्या दिवशी मी जे भाषण केलं ते, माझी पत्नी राजमती सांगते त्याप्रमाणे, पेढे संपले तरी चालूच होतं.

भाषणाला कारण होतं. छतावर सोलर पॅनेल आमच्या गल्लीत पंधरा वर्षांपासून होतेच. पण दिवसा पिकवलेली वीज रात्रीसाठी साठवायची कुठं, हे कोडं सुटत नव्हतं. लिथियमची बॅटरी महाग, शिवाय तापते म्हणून घरात ठेवायला लोक भीत. मग मिठाची बॅटरी आली. आपल्या मिठात जो सोडियम असतो, तोच हिच्यात विद्युतभार घेऊन इकडून तिकडं ये-जा करतो. सोडियम जगात कुठंही मिळतो, त्यामुळं किंमत पडली. लोखंडी कपाटाएवढी पेटी जिन्याखाली उभी केली की चार ढगाळ दिवस घर चालतं, आणि पेटी तीस वर्षं टिकते. एवढं हातात आल्यावर कंपनीची तार घरात हवी कशाला?

ती हवी होती असं कंपनीचं म्हणणं होतं, आणि त्याचे पैसे ती 'स्थिर आकार' या नावाखाली घेत होती. तुम्ही महिन्यात एक युनिट वापरा नाहीतर शंभर वापरा. खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, त्यांची देखभाल करणारी माणसं यांचा खर्च तेवढाच राहतो. पंगतीला शंभर पानं असली तरी आचाऱ्याची मजुरी तीच आणि दहा असली तरी तीच, तसंच हे. आमच्यासारखे एकेक जण पंगतीतून उठायला लागले, तशी आचाऱ्याची मजुरी उरलेल्यांच्या पानावर पडली. आकार वाढला म्हणून आणखी दोन उठले. ते उठले म्हणून आणखी वाढला. दोन वर्षांत आमच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या एकवीस घरांनी तारा तोडल्या, आणि प्रत्येक नारळ फोडताना मी हजर होतो.

पंगतीत उरलं एकच पान. हमीदाभाभी मुजावर यांची पिठाची गिरणी.

गिरणी त्यांच्या सासऱ्यांच्या वेळची. दोन दगड, दहा अश्वशक्तीची मोटर आणि भाभींची स्मरणशक्ती, एवढ्यावर ती चालते. कुणाला गव्हावर गहू लागतो, कुणाला ज्वारीवर चालतो, बाजरीवर मात्र कुणाचंच दळण टाकायचं नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात. दळणाच्या डब्यावर नाव लिहायची आमच्या गल्लीत कधी गरज पडली नाही. आता पूर्ण ट्रान्सफॉर्मरचा स्थिर आकार एकट्या गिरणीवर येणार होता. तसं झालं असतं तर महिन्याभरात कुलूप लागलं असतं.

मी त्यांना म्हणालो, काळजी करू नका, गिरणी गल्ली चालवेल. आणि कामाला लागलो. एकवीस घरांच्या पेट्यांमधली थोडी थोडी वीज एका तारेवर घेतली. गिरणीला तीन फेज लागतात, म्हणून आमच्या जिन्याखाली तीन फेज तयार करणारा एक मोठा इन्व्हर्टर बसवला. मोटर एकदम दचकून उठू नये म्हणून तिला हळूहळू वेग देणारा स्टार्टर लावला. मग जून महिन्यात पंधरा दिवस गिरणीवर मोजयंत्र ठेवलं आणि रोजचा आलेख काढला. मोटर सकाळी नऊला सुरू व्हायची, एकला बंद. पुन्हा चारला सुरू, सातला बंद. दिवसातून दोन वेळा सुरू, एवढाच काय तो धक्का. आलेख इतका सुबक होता की शाळेत असतो तर फळ्यावर काढला असता.

माझा शब्द आणि माझा आलेख, यावर विश्वास ठेवून हमीदाभाभींनी वीजजोडणी परत करण्याच्या अर्जावर सही केली. त्यांची तार तुटली. नारळ मीच फोडला.

नऊ दिवसांनी आषाढी एकादशी होती. तिच्या आदल्या दिवशी सकाळी साडेदहाला माझ्या जिन्याखालचा इन्व्हर्टर एकदा शीळ घालून गप्प झाला.

मला वाटलं काहीतरी किरकोळ असेल. पुन्हा चालू केला. दहा मिनिटांनी परत गप्प. तिसऱ्यांदा तर त्यानं चालू व्हायलाच नकार दिला. पडद्यावर लिहून आलं की थंड व्हायला एक तास लागेल. मी गिरणीकडं धावलो. दारात पंचवीस-तीस बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या. पिशव्या छोट्या, किलो-अर्ध्या किलोच्या. वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, आणि उपवासाच्या भाजणीचा भाजून आणलेला जिन्नस. आत भाभी दगडावरचं पीठ कुंचल्यानं झाडत उभ्या होत्या.

त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडायला फार उशीर झाला होता.

आम्ही जैन. आमच्यात उपवास म्हणजे उपवास. चूल बंद, फार तर उकळून गार केलेलं पाणी. त्या दिवशी गिरणीत काही पाठवायचं असतं हे माझ्या गावीही नव्हतं. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण मी जन्मभर ऐकली, चेष्टेत चारदा वापरलीही. पण तिच्यात गणित आहे हे कधी लक्षात आलं नाही. उपवासाच्या पिठात गव्हाचा कण गेलेला चालत नाही. म्हणून गिरणी थांबवायची, दगड झाडायचा, वरई टाकायची, सुरू करायची. वरई झाली की पुन्हा थांबवायची, झाडायचा, राजगिरा. त्यात कुणाच्या अर्ध्या किलोत दुसऱ्याचं मिसळायचं नाही, म्हणून परत थांबवायची. साबुदाणा तर दगडात चिकटून बसतो, मोटर अडते. माझ्या आलेखात दिवसाला दोन सुरुवाती होत्या. त्या दिवशी साडेदहापर्यंत एकोणीस झाल्या होत्या.

सुरू होताना मोटर चालताना घेते त्याच्या कितीतरी पट प्रवाह मागते, हे मी दर वर्षी नववीला शिकवलं होतं. माझा इन्व्हर्टर असा जोर दहा सेकंद देऊ शकत होता, तासातून बारा वेळा. तेराव्या वेळी तो स्वतःला वाचवायचा. यंत्र शहाणं होतं. मीच आगाऊ निघालो.

मी बायकांसमोर हेच समजावून सांगू लागलो. भाभींनी कुंचला खाली ठेवला.

"सर," त्या म्हणाल्या, "तुमी पंधरा दिवस मीटरला इचारलं. मला एकदा तरी इचारलं का, की भाभी, तुमची गिरणी वर्षभर कशी चालती?"

बायका एकेक करून पिशव्या उचलून सातव्या गल्लीतल्या गिरणीकडं निघाल्या. त्यांचाही इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. पण दळण एकदा दुसऱ्या गिरणीची वाट शिकलं की परत फिरत नाही, हे भाभींना ठाऊक होतं आणि मलाही. घरी आलो तर आमचा पंखा मजेत फिरत होता. गल्लीतल्या एकवीसही घरांत पंखे फिरत होते, दिवे लागत होते, टीव्हीवर बातम्या चालू होत्या. बंद होती ती फक्त गिरणी, आणि घरात बसलेल्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मला माझी लाज वाटली.

मोठा इन्व्हर्टर घ्यावा म्हणून मी चौकशी केली. त्याची किंमत गिरणीच्या किमतीहून जास्त निघाली, आणि मिळायला तीन महिने. मग मी वीज कंपनीच्या कार्यालयात गेलो. तिथली अभियंता प्रज्ञा कांबळे माझी विद्यार्थिनी. शाळेत असताना ती मागच्या बाकावर बसून माझ्या चुका वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायची. एकदा ते पान मी जप्त केलं होतं आणि वाचल्यावर गुपचूप परत दिलं होतं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. माझी फजिती ऐकून हसली नाही, हे तिचे उपकार.

"सर, लोकांना वाटतं आम्ही वीज विकतो," ती म्हणाली. "वीज आता छतावर पिकते, ती काय कुणीही देईल. आम्ही विकतो ते पाठबळ. कोयनेच्या पोटात जी अवजड चक्रं फिरतायत ना, तुमची गिरणी अडली की त्यांच्या वेगातला केसभर जोर तिच्याकडं येतो. चक्रांना कळतसुद्धा नाही. अशी हजारो यंत्रं एका तारेत बांधलेली आहेत, म्हणून भाभी दिवसातून पन्नास वेळा बटण दाबू शकत होत्या."

मी तार तोडताना केलेल्या भाषणात स्थिर आकाराला 'काहीच न देता घेतलेले पैसे' म्हटलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

वाट होती, पण अरुंद. नव्या नियमाप्रमाणे एक अख्खी गल्ली मिळून एकच जोडणी घेऊ शकत होती: एक मीटर, एक स्थिर आकार, तो सगळ्या घरांत वाटून. दिवसा गल्ली कंपनीला जास्तीची वीज देणार, गरजेला कंपनी पाठीशी उभी राहणार. मात्र त्यासाठी ट्रान्सफॉर्मरवर एक तरी जुनी जोडणी जिवंत असायला हवी. आमच्या एकवीसही जोडण्या कायमच्या मेलेल्या. फक्त गिरणीचा अर्ज पंधरा दिवसांच्या आत मागे घेता येत होता. सहा दिवस उरले होते. सातव्या दिवशी ट्रान्सफॉर्मर उतरवायला गाडी येणार होती.

"आणि अर्ज मागे फक्त त्याच घेऊ शकतात," प्रज्ञा म्हणाली. "जोडणी त्यांच्या नावावर राहील. उद्या घरं पुन्हा उठून गेली तर सगळा आकार त्यांच्यावर. त्या कशाला हो म्हणतील, सर?"

भाभींकडं जाण्याआधी निदान रिकाम्या हातानं जायचं नाही असं मी ठरवलं. करारपत्र लिहिलं: पाच वर्षं कुणी गल्लीची जोडणी सोडणार नाही. आणि दारोदार फिरलो. ज्या ज्या उंबऱ्यावर मी नारळ फोडला होता, त्याच उंबऱ्यावर उभं राहून तार परत जोडा म्हणून सांगत होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुणी चहा देऊन चेष्टा केली. कुणी विचारलं, पेढे परत करायचे का. एकानं सरळ सांगितलं की माझ्या घराचं सगळं नीट चाललंय, गिरणीचं ती बघून घेईल. त्याच्या बायकोनं त्याच्या हातातून कागद घेतला, सही केली आणि म्हणाली की चकलीची भाजणी मिक्सरवर होत नाही. तीन दिवसांत वीस सह्या झाल्या.

एकविसावी सही राजमतीची. घर तिच्या नावावर आहे. मी कागद आणि पेन तिच्यासमोर ठेवलं आणि तिला सुरुवातीच्या प्रवाहाचं समजावू लागलो.

"अहो, ते मला पाठ झालं," ती म्हणाली. "तीन दिवस गल्लीत दुसरं काय ऐकतोय? तुम्ही वीस घरांत जाऊन मोटर सांगितलीत. भाभींकडं गेलात?"

मी म्हणालो, सगळ्या सह्या झाल्या की जातो.

"आधी जाऊन या. चुकलं म्हणून सांगा. मोटर सांगू नका. मग मी सही करते."

चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझी एवढी अडवणूक कधी केली नव्हती. मला राग आला, आणि ती बरोबर आहे हे कळल्यामुळं जास्तच आला. चप्पल घातली, करारपत्र आणि प्रज्ञानं दिलेला अर्ज मागे घेण्याचा कागद खिशात घातला आणि निघालो.

भाभी दळण नसल्यामुळं बंद असलेल्या गिरणीत बसून दगडाला टाकी लावत होत्या. दगड खाली उतरवलेला, छिन्नीनं त्याच्यावर बारीक चरे पाडणं चालू होतं. मला बघून त्या थांबल्या नाहीत. मी समोरच्या पोत्यावर बसलो. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल रेघा मारणाऱ्या माणसाला स्वतःची चूक सांगायची सवय राहत नाही.

"भाभी, माझं चुकलं," मी अखेर म्हणालो.

छिन्नी चालूच राहिली. "माज्या सलीमचं तुमी दोन मार्क कापलं हुतं," त्या म्हणाल्या. "उत्तर बरोबर हुतं, पन रीत लिवली न्हाई म्हनून. पोरगं दोन दिस जेवलं न्हाई."

मला आठवत नव्हतं. आठवत नाही असं मी सांगितलंही.

"मग आता तुमी रीत सांगा. काय चुकलं?"

मी सांगितलं. मोटरचं एक अक्षर काढलं नाही. गिरणी तुमची, चाळीस वर्षं चालवता तुम्ही, आणि मी यंत्र लावून बसलो. तुमच्याशी पाच मिनिटं बोललो असतो तर तुम्ही श्रावण सांगितला असता, नवरात्र सांगितलं असतं, एकादशी सांगितली असती. तुमच्या पोटाचा प्रश्न मी माझ्या कौतुकासाठी वापरला.

भाभींनी छिन्नी ठेवली. सह्यांचा कागद मागितला. बोट ठेवून एकेक सही पाहिली आणि शेवटी थांबल्या. "वैनींची सही न्हाई हितं."

मी म्हणालो, ती म्हणाली की आधी भाभींना चुकलं म्हणून सांगून या.

भाभी हसल्या, त्या दिवसांत पहिल्यांदा. पदरानं हात पुसले, गल्ल्यावरचं पेन घेतलं आणि अर्ज मागे घेण्याच्या कागदावर सही केली.

"वैनींना म्हनावं, माजी आदी झाली," त्या म्हणाल्या. "पन सर, आता गल्लीची वीज माज्या नावावर. कुनी नवी मशीन आनली, गाडी आनली, तर आदी हितं येऊन सांगायचं. तुमीबी."

तुम्हीसुद्धा सांगायचं म्हटल्यावर मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी प्रज्ञानं स्वतः येऊन मीटर बसवला. ट्रान्सफॉर्मर उतरवायला येणार असलेली गाडी दुसऱ्या गल्लीकडं वळली. आमच्या घराच्या नव्या पाटीवर ग्राहकाचं नाव आलं: मुजावर पिठाची गिरणी, उपजोडणी क्रमांक एकवीस. पहिला नंबर माझा असावा असं मला वाटत होतं. राजमतीनं सही शेवटी केल्यामुळं तो गेला.

खरी परीक्षा आश्विनाच्या तोंडावर होती. नवरात्राच्या आदल्या दिवशी मी गिरणीत जायला निघालो, तर राजमतीनं अडवलं. तिथं जाऊन बायकांच्या पायात येऊ नका म्हणाली. म्हणून मी घरात पंख्याखाली बसलो. आता सगळी घरं आणि गिरणी एकाच तारेवर होती, त्यामुळं भाभींनी मोटर सुरू केली की आमचा जुना पंखा पापणी लवेपर्यंत मंदावायचा आणि परत वेग घ्यायचा. अकराव्या गल्लीतल्या प्रत्येक घराला गिरणी सुरू झाल्याचं आता कळत होतं. प्रत्येक वेळी पंखा मंदावला की मी बोटाच्या पेरावर एक मोजायचो. आठवी वेळ, नववी, सोळावी. राजमती शेंगा निवडत बसली होती.

"भाभींनी वरई संपवली," ती एकदा न बघताच म्हणाली. "आता साबुदाणा घेतलाय. पंख्याला जड जातंय."

चाळिसाव्या वेळेपर्यंत मी मोजत होतो. मग मोजणं सुटलं. साडेचारला माझ्या लक्षात आलं की पंखा बऱ्याच वेळात मंदावलेला नाही. पाच मिनिटं गेली. दहा गेली. तो एका लयीत फिरत होता, आणि मी उठून उभा राहिलो. संपलं, मोटर जळाली, किंवा फ्यूज गेला, किंवा बायका पुन्हा सातव्या गल्लीकडं निघून गेल्या. चप्पल न घालता मी पळत गिरणीपर्यंत गेलो.

दारात कुणी नव्हतं. आत दगड थांबला होता. भाभी पालथ्या डब्यावर बसून बशीतून चहा पीत होत्या. भुवयांवर, पदरावर, कानातल्या बाळ्यांवर पीठ. माझ्याकडं आणि माझ्या अनवाणी पायांकडं त्यांनी एकदा बघितलं.

"सर, संपलं की दळण," त्या म्हणाल्या. "सातव्या गल्लीतल्याबी आल्या हुत्या आज. आता उद्या सगळ्यांचा उपास."

मी पायरीवर बसलो. मला हसू येत होतं. भाभींनी किटलीतला उरलेला चहा कपात ओतला आणि कप माझ्यापुढं सरकवला.